विविध गुणदर्शनात टाकलेली कविता

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात स्वरचित काव्यवाचनाच्या स्पर्धेसाठी अकरा अर्ज आले होते. त्यांतला एक अर्ज सोलापूरच्या भवानी पेठेत राहणाऱ्या, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा होता. ‘काव्यप्रकार’ या रकान्यात त्याने स्वच्छ अक्षरात ‘रॅप’ असे लिहिले होते. परीक्षक आम्ही तिघे. एकाने तो अर्ज हसत हसत उचलला आणि ‘विविध गुणदर्शन’ या कार्यक्रमाच्या गठ्ठ्यात सरकवला. त्या गठ्ठ्यात मिमिक्री, कोळीनृत्य आणि जादूचे प्रयोग होते. उरलेल्या दोघांनी हरकत घेतली नाही. त्या दोघांपैकी एक मी होतो.

मुलगा कोळीनृत्यानंतर मंचावर आला आणि चार मिनिटे बोलला. गायला म्हणावे तर गायला. वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात. ज्या हॉटेलांची नावे त्या टॉवेलांवर उमटतात, त्या हॉटेलांची यादी त्याने एका दमात, ठेक्यावर, यमके साधत म्हटली. यादी संपली आणि तो थांबला. त्यांपैकी एकाही हॉटेलाचा उंबरठा वडिलांनी पाहिलेला नाही, हे वाक्य त्याने उच्चारले नाही. ते सभागृहाला आपोआप कळले. अनुल्लेखाने अर्थ साधणे हे काव्याचे लक्षण असल्याचे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. त्या दिवशी काव्यवाचनाचे पहिले पारितोषिक आम्ही पावसावरच्या एका कवितेला दिले.

हे आत्मनिंदेसाठी लिहीत नाही. मुद्दा असा की, ही चूक एका परीक्षकाच्या लहरीची नव्हती. तिच्यामागे मराठीच्या अध्यापकवर्गाची काही पक्की गृहीतके आहेत. ती तपासली पाहिजेत.

पहिले गृहीतक : जे छापलेले असते ते साहित्य, जे म्हटले जाते तो कार्यक्रम. हे सोलापुरात बसून म्हणावे, यासारखा विनोद नाही. पेशवाईच्या उत्तरार्धातला राम जोशी याच गावचा. वेदशास्त्राच्या घरात जन्मलेला हा माणूस तमाशाच्या फडात रमला, म्हणून भावाने त्याला घराबाहेर काढले, असे परंपरा सांगते. त्या भावाची भूमिका आणि आमच्या परीक्षक मंडळाची भूमिका यांत मला फारसा फरक दिसत नाही. पुढे याच राम जोशांनी कीर्तनांतून मोरोपंतांच्या आर्या लोकांपर्यंत नेल्या. म्हणजे ज्या पंडित कवीला आपण ‘ग्रंथकार’ म्हणून पुजतो, त्याला श्रोते मिळवून देण्यात फडावरच्या एका कलावंताचा वाटा होता. १९४७ साली राजकमलचा ‘लोकशाहीर राम जोशी’ पडद्यावर आला तेव्हा पांढरपेशा महाराष्ट्राने त्याला डोक्यावर घेतले. आज तो अभ्यासक्रमात आहे. मरून दोनशे वर्षे झालेल्या सादरकर्त्याला आपण कवी म्हणतो आणि समोर उभ्या असलेल्याला जादूच्या प्रयोगांशेजारी बसवतो.

दुसरे गृहीतक : रॅप परका आहे. आहेच. ऑगस्ट १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क या तरुणाने एका इमारतीत लावलेल्या संगीताच्या मेळाव्यापासून हिपहॉपचा आरंभ मोजतात, आणि तो कृष्णवर्णीय व स्थलांतरित गरिबांच्या वस्तीत झाला. पण केशवसुतांनी आणलेले सुनीत कुठले होते? माधव जूलियनांनी मराठीत रुजवलेली आणि सुरेश भटांनी घराघरांत पोहोचवलेली गझल कुठली? शिरीष पै यांचे हायकू कुठले? युरोप चालतो, इराण चालतो, जपान चालतो. ब्राँक्स मात्र चालत नाही. कारण उघड आहे. आधीचे प्रकार पुस्तकांतून, म्हणजे आपल्या हातून आले. हा प्रकार आपल्याला न विचारता थेट पेठेत गेला.

इथे रॅपचे काही हितचिंतक पुढे सरसावतात आणि सांगतात की, रॅप म्हणजे आपला पोवाडाच, सवाल-जवाबच, अमृतरायांचा कटावच. साम्य नाही असे नाही. कटावातील अनुप्रासांची दाटी आणि श्वास न घेता पुढे धावणारी लय ज्याने ऐकली असेल, त्याला ही तुलना सुचणारच. तरीही या प्रेमळ तुलनेचा मला धसका वाटतो. तिच्यामुळे त्या मुलाला ऐकण्याचे काम पुन्हा टळते. ‘शाहिरांचा वारस’ असा शेला पांघरला की सत्कार आटोपतो. यंत्रमागाच्या आवाजात वाढलेल्या कानाने संगणकावर बनवलेल्या बीटवर मराठी अक्षरे कशी बसवली, कुठे स्वर आखडला, कुठे मात्रा ओढली, हे कोणी पाहत नाही. नव्या रचनेला वंशावळीचा दाखला लागत नाही. तिला वाचक लागतो.

तिसरे गृहीतक भाषेचे आहे आणि ते सर्वांत चिवट आहे. सोलापूरच्या पूर्व भागात घरात तेलुगू, गल्लीत दखनी, अक्कलकोटकडच्या पाहुण्यांशी कानडी आणि शाळेत मराठी असे एका दिवसात चार भाषांतून जाणारे मूल अपवाद नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या भागाला घडवले, त्याच्या बोलीलाही घडवले. ‘काय करायलास बे’ हे वाक्य आम्ही निबंधाच्या वहीत लाल शाईने खोडतो. राम जोशांनी लावणीत संस्कृतबरोबर कानडीही मिसळली तर ते भाषाप्रभुत्व. भवानी पेठेतल्या मुलाने एका कडव्यात तीन भाषा बांधल्या तर ती भेसळ. २००६ साली याच सोलापुरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्ष होते इथेच जन्मलेले मारुती चितमपल्ली. जंगलातल्या माणसांकडून शब्द गोळा करून ते मराठीत आणले म्हणून आपण त्यांचा गौरव केला, आणि तो योग्यच होता. जंगलातल्या शब्दांना जो मान दिला, तो कारखान्याच्या गल्लीतल्या शब्दांना का देऊ नये?

गंमत अशी की, या रचनांना अर्थ असतो हे मराठी विभागांच्या आधी पोलिसांनी ओळखले. एप्रिल २०२३ मध्ये राज्यातल्या सत्तांतरावर उपरोधिक रॅप केल्याबद्दल छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगसे याच्यावर अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. त्याच सुमारास मुंबईच्या उमेश खाडे यालाही अशाच रचनेसाठी पोलिसी कारवाईला सामोरे जावे लागले. ठाण्यातल्या अंमलदाराने त्या ओळी काळजीपूर्वक ऐकल्या, त्यांतला रोख ओळखला, व्यंग्यार्थ लावला. समीक्षेचे हे प्राथमिक काम पोलीस ठाण्याने केले आणि समीक्षकांनी केले नाही, याची आपल्याला थोडी तरी लाज वाटायला हवी.

आता दुसऱ्या बाजूच्या उत्साही मंडळींकडे वळतो. त्यांचे म्हणणे असे : ‘कशाला हवा तुमचा मंच? आता मोबाइल आहे, यूट्यूब आहे. मुलगा स्वतंत्र आहे. गुण असला की जग शोधत येते.’ हे ऐकायला गोड आणि बहुतांशी खोटे आहे. ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ सोलापूरला नव्याने शिकवायला नको. सावकाराकडून सूत घ्यायचे, घरी विणायचे, कापड त्यालाच द्यायचे, आणि भाव तो सांगेल तो. असा विणकरही कागदोपत्री स्वतंत्रच असतो. माग त्याचा, घर त्याचे, कष्ट त्याचे. बाजार मात्र त्याचा नसतो. आजचा रॅपर याच जागी उभा आहे. बीट तो विकत घेतो किंवा मित्राकडून करून घेतो. शेजारचे माग थांबतात तेव्हा मागच्या खोलीत आवाज मुद्रित करतो. गाणे दूरच्या कंपनीच्या फलाटावर चढवतो, आणि एका ऐकण्याचे मोल किती हे ती कंपनी ठरवते. ते मोल पैशांत मोजावे इतके किरकोळ असते.

साऱ्या जगात अशा कलावंताचे पोट भरते ते प्रत्यक्ष कार्यक्रमांवर. २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख लोकसंख्या असलेल्या या शहरात त्याला तिकीट लावून कोण उभे करते? त्याच्याकडे येते ते गिऱ्हाईक ठरलेले आहे : मंडळाचे गाणे, मिरवणुकीचे गाणे, नेत्याच्या वाढदिवसाचे गाणे. रोख पैसे तिथेच मिळतात. ज्याच्या तोंडी नेत्याची स्तुती आली त्याला मानधन आणि ज्याच्या तोंडी टीका आली त्याला नोटीस, अशा बाजारात स्वतंत्र हा शब्द फार जपून वापरला पाहिजे.

मग उरतो एक मार्ग, रेल्वेचा. बार्शीच्या अमर शेखांनाही अखेर मुंबईच गाठावी लागली, आणि त्यांचा आवाज महाराष्ट्राने तिथून ऐकला. हिपहॉपच्या बाबतीत भूगोल बदललेला नाही. २०१९ च्या ‘गली बॉय’ने मुंबईच्या वस्त्यांना नकाशावर आणले. २०२३ साली ‘बिग बॉस’ जिंकलेला एमसी स्टॅन पुण्याचा. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर शंभराच्या आकड्याला ‘रभ’ जोडून आपले नाव लिहितो आणि वऱ्हाडी बोलीत ताकदीने रॅप करतो. त्याने आपली बोली सोडली नाही, हे मोठेच. पण तो सर्वदूर पोहोचला तो मुंबईच्या ‘स्वदेसी’ या समूहातून आणि पुढे २०२४ मध्ये एमटीव्हीच्या ‘हसल’ या हिंदी स्पर्धेतून. सुरेश भटांच्या अमरावतीत कवीची परंपरा उणी नव्हती. उणी होती ती त्याला तिथल्या तिथे मोठे होऊ देणारी व्यवस्था. त्या उणिवेचे खापर रॅपरच्या ‘चिकाटी’वर फोडणे सोयीचे असते, मग शहराला काही करावे लागत नाही.

कोणी विचारील, सगळेच रॅप चांगले असते काय? मुळीच नाही. पुष्कळसे भिकार असते. स्वतःची फुशारकी, बायकांबद्दलची हलकी भाषा, न पाहिलेल्या गाड्या आणि न पाहिलेल्या बंदुका, अमेरिकन उच्चारांची उसनवारी हे सारे त्यात मुबलक आहे. पण नवकवितेच्या लाटेतही भिकार कविता मुबलक होती. तिचे दाणे आणि फोलपटे वेगळी झाली ती नियतकालिकांतून, वादांतून, कडक परीक्षणांतून. या मुलांच्या वाट्याला ते काहीच येत नाही. त्यांना एकतर लाखो अंगठे मिळतात किंवा शिव्या. तिसऱ्या ओळीतले यमक ओढून आणले आहे, पाचव्या ओळीत उसनी शिवी आहे, सातवी ओळ मात्र कोणालाच सुचली नसती, असे सांगणारा माणूस त्यांना भेटत नाही. तो माणूस होण्याचा पगार आपण घेतो.

म्हणून मागणी साधी आहे. महाविद्यालयांच्या काव्यस्पर्धांत रॅपला कविता म्हणून प्रवेश द्यावा, सवलत न देता. ज्या सभागृहांत कविसंमेलने होतात तिथे वर्षातून दोन संध्याकाळी या मुलांना मानधन देऊन उभे करावे, शाल-श्रीफळ नको. अभ्यासमंडळांनी शाहिरीच्या घटकाबरोबर जिवंत सादरकर्त्याची एक ध्वनिफीत वर्गात वाजवावी आणि तिच्यावर दहा गुणांचा प्रश्न विचारावा. यात अनुदानाचा मोठा प्रश्न नाही. आपला कान वापरण्याचा प्रश्न आहे.

तो मुलगा आता पुण्यात असतो. दिवसा एका गोदामात काम करतो, रात्री गाणी करतो. परवा फोनवर सांगत होता की, नव्या गाण्यात हिंदी वाढवली आहे. तिकडच्या लोकांना ‘बे’ कळत नाही. मी काय उत्तर देणार? ते ‘बे’ आम्हालाही कळले नव्हते, आणि आम्ही तर त्याच्याच गावात राहत होतो.

यंदाच्या संमेलनाचे अर्ज पुढच्या महिन्यात येतील. एखाद्याने पुन्हा त्या रकान्यात ‘रॅप’ लिहिले, तर तो अर्ज या वेळी काव्यवाचनाच्याच गठ्ठ्यात राहील, एवढे मी पाहीन. तो हरला तर हरू दे. पण का हरला हे त्याला समोर बसवून, ओळ दाखवून सांगावे लागेल, आणि त्यासाठी आम्हा तिघांना आधी ते गाणे दोनदा ऐकावे लागेल.