उभ्या गाडीची पारख

मालक परदेशी स्थायिक झालेला, वृद्ध वडिलांनी गाडी चालविणे सोडलेले, आणि मोटार इमारतीच्या आवारात तीन-चार पावसाळे धूळ खात पडलेली, अशा स्थितीत ती विक्रीस निघाली की दलाल मीटरवरील अल्प आकड्याकडे बोट दाखवितो, ग्राहक त्यावर लुब्ध होतो, आणि पारख करण्यासाठी बोलाविलेला मिस्त्री, म्हणजे आपल्यापैकीच कोणीतरी, दुसरी बॅटरी जोडून बेधडक किल्ली फिरवितो. इंजिन धडधडले की सौदा पक्का!

या रिवाजाला आमचा स्पष्ट विरोध आहे. दीर्घकाळ निश्चल राहिलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर ओघळून गेलेला असतो, दमट हवेने तेथे गंज धरतो व पिस्टनच्या रिंगा त्यात अडकून बसतात. अशा वेळी स्टार्टरचा जोर लावणे ही परीक्षा नव्हे, इजा होय. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडावे, ते रात्रभर मुरू द्यावे, आणि मग क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवून पाहावे. अडखळले तर तेथेच थांबावे. ग्राहकाला घाई असल्यास त्याने दुसरा मिस्त्री पाहावा.

टाकीतील जुने पेट्रोल तर काढून टाकण्याच्याच लायकीचे असते. ते कालांतराने चिकट होतेच. शिवाय हल्लीच्या पेट्रोलातील इथेनॉल ओलावा शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की पाण्यासह तळाशी उतरते, जेथून पंप इंधन ओढतो.

तथापि खरी धास्ती ब्रेकची. ब्रेक ऑइलही आर्द्रता शोषते, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. आवारात कडक लागलेले पेडल घाटाच्या लांब उतारावर तापून मऊ पडू शकते, ही गोष्ट गल्लीतल्या एका फेरीत कशी कळावी? हँडब्रेक ओढून ठेवलेला असल्यास लायनर ड्रमला चिकटले आहेत काय, हेही पाहावे. टायरची नक्षी कोरी दिसली तरी बाजूवरील छापाचे शेवटचे चार अंक वाचावेत: 1418 म्हणजे 2018 सालचा चौदावा आठवडा.

कागदपत्रे आपल्या अखत्यारीत नाहीत, असे म्हणून हात झटकू नयेत. खासगी मोटारीच्या नोंदणीची 15 वर्षांची मुदत संपली असेल, तर नूतनीकरणापूर्वी फिटनेस तपासणी होते, आणि तेव्हा ती गाडी पुन्हा आपल्याच दारात येते.

आमची सूचना अशी की, लेखी अहवालात किलोमीटरच्या शेजारी गाडी शेवटची केव्हा चालली हेही नमूद करावे, आणि ते विक्रेत्याच्या तोंडी हवाल्यावर न विसंबता जुन्या सर्व्हिसच्या व पीयूसीच्या पावत्यांवरून पडताळावे. दलालाचे चहापाणी घेऊ नये. तपासणीचे शुल्क मात्र ग्राहकाकडून आगाऊच घ्यावे. सौदा फिसकटल्यावर मेहनताना देताना त्याचा हात कसा आखडतो, हे वाचकांना आम्ही काय सांगावे!