जुनी फोर-व्हील जीप घेताना

दोन-तीन घरांनी मिळून जुनी जीप घ्यावी, पावसाळ्यात वावरापर्यंत जाता यावे आणि सवडीने नागपूर, अजिंठ्यापर्यंत लेकराबाळांसह फिरता यावे, असा बेत अनेकदा कानावर येतो. बेत चांगला आहे. पण पै-पै जमवलेला पैसा गाडीच्या ताज्या रंगावर भाळून देऊ नये, म्हणून आज थोडे लिहितो.

आपल्या यवतमाळकडची काळी माती पाण्याने फुगते नि चाकाला लोण्यासारखी चिकटते. अशा पांदण रस्त्यावर चारही चाकांना जोर मिळणारी गाडीच निघते. मात्र जुन्या बाजारात 'फोर-व्हील' म्हणून दाखवलेली प्रत्येक जीप तशी असतेच असे नाही. महिंद्राच्या कमांडर दोन्ही प्रकारांत येत. खाली वाकून पाहा. पुढच्या धुरीलाही मागच्यासारखा गोळा असेल तरच ती फोर-व्हील. गोळा आहे, पण त्याकडे जाणारा फिरता दांडा काढून ठेवलेला, असाही प्रकार आढळतो. मग ओल्या वावरात नेऊन छोटा लिव्हर टाका आणि पुढची चाके ओढतात का, हे स्वतः बघा. डांबरी रस्त्यावर मात्र फोर-व्हील लावू नका. वळणावर पुढची-मागची चाके सारखी फिरत नाहीत, गिअरवर ताण येतो, टायरही झिजतात.

आता कोणती घ्यावी? मारुतीची जिप्सी १९८५ साली आली. वजनाने हलकी, म्हणून चिखलातून चटकन निघते. पण ती पेट्रोलवर चालते आणि मागच्या आडव्या बाकांवर लांबचा प्रवास म्हाताऱ्या माणसांना जड जातो. महिंद्राची एमएम ५४० डिझेलवर चालते, कमांडर लांब असल्याने माणसे जास्त बसतात. दोन्ही आवाजी आणि संथ, पण गावचा मिस्त्रीसुद्धा त्या खोलू शकतो. दोन-तीन घरांसाठी माझे मत चांगल्या चासीच्या कमांडरला. लष्कराच्या लिलावातली जबलपूरची जोंगा दिसते मोठी झोकात, पण तिचे पेट्रोल पुरवताना घरचा किराणा बंद व्हायचा!

सगळ्यांत आधी चासी तपासा. जोड, गंज, नव्याने मारलेला जाड काळा रंग दिसला तर संशय घ्या. इंजिन पुन्हा बांधता येते, कुजलेली चासी नाही.

कागदांचा खर्चही मोजा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी व नूतनीकरण. हलक्या चारचाकीची ही फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाडीला १०,००० झाली. पर्यावरण कर वेगळा. स्वस्तातल्या कमांडरची किंमत यात वाढते. मग कोणी सुचवतो, "चार सवाऱ्या भरू, खर्च निघेल." पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्याचे प्रवासी बसवले आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि भरपाईचा बोजा मालकाच्या घरादारावर येतो.

आर.सी.वर बँकेचा बोजा असेल तर नमुना ३५ व बँकेचा दाखला मागा, चासीवरचा नंबर आर.सी.शी जुळवा आणि नमुना २९ व ३० वर मालकाच्या सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम हातात देऊ नका.