चर्चच्या हॉलची किल्ली

नाताळ जवळ आला की बहुतेक मंडळ्यांमध्ये एक विषय हमखास निघतो : "यंदा काय वाटायचं?" कधी ब्लँकेटं, कधी वह्या, कधी फराळ. वाटप होतं, फोटो निघतात, वार्षिक अहवालात दोन ओळी वाढतात. त्यात वाईट काहीच नाही. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला ब्लँकेट मिळालं, हे चांगलंच झालं. पण मला राहून राहून वाटतं, की आपण प्रश्न उलट्या बाजूने विचारतोय. काय वाटायचं हे ठरवण्याआधी, आपल्या गल्लीत कोण राहतं आणि त्यांचं कुठे अडतं, हे आपल्याला ठाऊक आहे का?

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो. तो जखमा बांधून निघून जात नाही. त्या माणसाला उतारशाळेत नेतो, त्याची काळजी घेतो, दुसऱ्या दिवशी पैसे देतो आणि जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन म्हणतो. मला तर त्या "परत येईन"मध्येच सेवा दिसते.

आपल्याकडच्या मोठ्या माणसांनी हेच केलं. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, निराधार मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. नुसतं जेवू घालून थांबल्या नाहीत, तर त्यांना लिहायला-वाचायला आणि हाताने काम करायला शिकवलं. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेला रुग्णालय सुरू केलं आणि तीस वर्षांहून जास्त काळ तिथे काम केलं. अगदी अलीकडचं उदाहरण म्हणजे २०२४ साली गेलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईतल्या विहिरी, पाणी, हिरवाई हा सगळ्या वसईकरांचा प्रश्न होता. हरित वसईच्या लढ्यात ते सगळ्या धर्मांच्या लोकांबरोबर उतरले.

आता कुणी म्हणेल, आम्ही कुठून रुग्णालय काढणार? नकाच काढू. आपल्याकडे काय आहे ते बघा. हॉल आहे, पंखे-दिवे आहेत, नळ आहे, आणि निवृत्त नर्सबाई आणि शिक्षक तर आपल्यात भरपूर! हा हॉल आठवड्यातले सहा दिवस कुलपात असतो. चर्चला लागून असलेल्या वस्तीत एका खोलीत सहा माणसं, टीव्ही चालू, आणि त्यातच दहावीचा अभ्यास. मुलांना संध्याकाळी बसायला शांत जागा हवी. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना बँकेत किंवा दवाखान्यात सोबत हवी. यात पैसा फारसा लागत नाही, वेळ लागतो.

यावर दोन आक्षेप येतात. बाहेरून : "हे धर्मांतरासाठी तर नाही ना?" आतून : "मग आपली साक्ष कुठे राहिली?" पहिल्याला उत्तर वागण्यातून द्यावं. अभ्यासिकेत पत्रकं नकोत, प्रार्थनेची सक्ती नको. शेजारच्या सोसायटीतले, गणेश मंडळातले दोघे-तिघे देखरेखीला घ्यावेत. दुसऱ्याला उत्तर गोष्टीतच आहे : शोमरोन्याने जखमी माणसाला प्रवचन दिल्याचं त्यात कुठेही नाही. तरी दोन हजार वर्षं आपण त्याचंच नाव घेतोय.

तिसरा आक्षेप मात्र कुणी मोठ्याने बोलत नाही : हॉल खराब होईल. होईल की! भिंतींना डाग पडतील, एखादी खुर्ची मोडेल. पण मंडळीतली तरुण मुलं आज मागच्या बाकावर बसून कंटाळतात, त्यांना निदान हातात घ्यायला एक काम मिळेल.

असो. मोठे ठराव नकोत. जानेवारीपासून दहावीच्या परीक्षेपर्यंत रोज संध्याकाळी सात ते दहा हॉल उघडा ठेवायचा, एवढंच करून बघू. पुढच्या सभेत किल्ली कुणाकडे राहणार एवढं ठरलं तरी पुष्कळ झालं. तुमच्या मंडळीत कसं चालतं, जरूर सांगा.