काळी ज्वारी आणि मूत्रपिंड

ऐन काढणीच्या तोंडावर पाऊस आला की परभणी जिल्ह्यात खरीप ज्वारीची कणसे उभ्या ताटावर काळी पडतात. मोंढ्यात अशा मालाला भाव मिळत नाही. त्यातल्या त्यात पांढरी ज्वारी विकली जाते आणि डागी घरात नाही तर गोठ्यात राहते. बाजाराने नाकारलेले धान्य ज्यांच्या ताटात जाते, त्यांच्या तब्येतीचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही.

दाण्यावरची बुरशी पाखडून, धुऊन कमी करता येते. तिने दाण्यात सोडलेले विष बरेचसे आतच राहते आणि तव्याच्या आचेनेही पुरते जात नाही. 1995 मध्ये अवेळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन दख्खनच्या पठारावरील खेड्यांत पोटदुखी, पोटात गुरगुर आणि जुलाबाची साथ आली होती. पाहणी केलेल्या 50 पैकी 27 गावांत तिची झळ दिसली आणि धान्यात फ्युमोनिसिन हे बुरशीचे विष सापडले. रुग्ण बरे झाले, साथ विस्मरणात गेली.

जुलाब लगेच कळतात. मूत्रपिंड मात्र तक्रार करत नाही. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसेपर्यंत त्याची निम्मी क्षमता गेलेली असू शकते. फ्युमोनिसिन उंदरांच्या मूत्रपिंडाला इजा करते, हे प्रयोगांत दिसले आहे. त्याहून जास्त संशय ऑक्रॅटॉक्सिन-ए या विषावर आहे. 1965 मध्ये दक्षिण आफ्रिकेत ओळखले गेलेले हे विष मुख्यतः ओल्या साठवणीत तयार होते. रक्तातील अल्ब्युमिनला ते चिकटून बसते आणि शरीरातील त्याचे प्रमाण निम्मे व्हायलाच महिनाभर लागतो. म्हणजे रोजच्या भाकरीतून थोडे थोडे गेले तरी साचत जाते. डेन्मार्कमध्ये बुरशी लागलेले धान्य खाणाऱ्या डुकरांची मूत्रपिंडे त्याने खराब झाल्याचे 1970 च्या दशकातच दिसले होते. आपल्याकडे गहू, बार्ली, राय यांच्यासाठी किलोमागे 20 मायक्रोग्रॅमची मर्यादा ठरली. पण मर्यादा लागू होते ती बाजारातल्या पोत्याला, घरच्या कणगीला नाही.

तरीही घाईने बोट दाखवू नये. बाल्कन देशांत डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या खेड्यांत मूत्रपिंडाचा विकार पिढ्यान्‌पिढ्या दिसे. त्यासाठी अनेक वर्षे ऑक्रॅटॉक्सिनलाच जबाबदार धरले गेले. पुढे 2007 च्या सुमारास भक्कम पुरावा मिळाला तो गव्हात मिसळणाऱ्या एका तणाच्या बियांतील ॲरिस्टोलोकिक आम्लाविरुद्ध. मराठवाड्यात तर मधुमेह, रक्तदाब, कडक उन्हात कमी पाण्यावर केलेली मजुरी आणि अंगदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळ्या ही कारणे आधीच हजर आहेत. प्रत्येक डायलिसिस काळ्या ज्वारीच्या खाती टाकणे शास्त्राला धरून होणार नाही.

म्हणूनच अभ्यास हवा, आणि तो परभणीतच सोयीचा आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एकाच शहरात आहेत. (एकमेकांच्या दारी त्यांचे जाणे-येणे किती, हा भाग वेगळा.) एकाच गावातील डागी ज्वारी खाणारी आणि न खाणारी कुटुंबे निवडावीत. त्यांच्या धान्याचे व लघवीचे नमुने काढणीनंतर आणि पुन्हा उन्हाळ्यात घ्यावेत. लघवीत विषाचा अंश पाहावाच, शिवाय बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिनसारखी प्रथिनेही मोजावीत. मूत्रनलिकांची इजा ती क्रिएटिनिनच्या आधी दाखवतात. विष मोजणारे यंत्र महाग आहे, पण नमुने गोठवून ठेवून एकदम तपासता येतात. साखर, रक्तदाब आणि गोळ्यांची नोंद घरोघरी जाणाऱ्या आशाताई नीट घेऊ शकतील.

निष्कर्ष यायला काही वर्षे जातील. तोवर ज्वारी 12 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून, जमिनीपासून उंच ठेवावी आणि काळे दाणे निवडून टाकावेत. ते गुरांपुढे ओतू नयेत. बुरशीच्या विषांपैकी अफ्लाटॉक्सिनचा अंश दुधातून पुन्हा घरात येतो.