कानाने शिकलेली इंग्रजी

नूतन मराठी विद्यालय आणि बृहन्महाराष्ट्र भवन यांमुळे दिल्लीचे पहाडगंज मराठी माणसाला परके नाही. नवी दिल्ली रेल्वे स्थानकासमोरील तेथील मेन बाजारात परदेशी प्रवाशांशी व्यवहार करणारे अनेक दुकानदार इंग्रजी शिकले ते कानाने, अख्ख्या वाक्प्रयोगांनिशी. 'कीप द चेंज' म्हणजे 'उरलेले पैसे तुम्हीच ठेवा', हे शब्दकोशापेक्षा व्यवहारच लवकर शिकवितो.

आमच्या मते हाच मार्ग योग्य होय. कारण अर्थ न कळलेला वाक्प्रयोग महागात पडतो. संयुक्त खात्याच्या अर्जावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असल्यास दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकतो. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असल्यास मात्र पहिल्या खातेदाराच्या हयातीत दुसऱ्याला पैसे काढता येत नाहीत. पती रुग्णालयात असताना पत्नी बँकेच्या खिडकीशी येते, तेव्हा त्या एका शब्दाचे मोल उमगते.

म्हणून रोज एक वाक्प्रयोग प्रसंगासह शिकावा. सही करण्याआधी त्याचा अर्थ मराठीत विचारण्यास संकोचू नये. तो समजावून सांगणे हे खिडकीपलीकडील कर्मचाऱ्याचे कर्तव्यच आहे.