पत्रा तोच, मान कोणाला?

अमेरिकेत मोटोआर्ट नावाची कंपनी जुन्या विमानांचा पत्रा कापून बिल्ले विकते. बिल्ल्यावर त्या विमानाचा नंबर असतो. युद्ध पाहिलेला तुकडा जवळ बाळगणं हा तिकडे रीतसर छंद आहे.

आपल्याकडे तो ‘विक्रांत’च्या वाटेने आला. १९७१ च्या डिसेंबरात याच विमानवाहू जहाजावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी चितगाव, कॉक्स बझारवर हल्ले केले. १९९७ ला जहाज निवृत्त झालं, २०१४ ला लिलावात गेलं आणि मुंबईच्या दारूखान्यात तुटलं. त्याच धातूतून अर्झान खंबाटांनी मुंबईत शिल्प उभं केलं. २०१६ मध्ये बजाजने मोटरसायकल काढली, तीही लोकांनी हौसेने घेतली. देशाचा इतिहास दारात उभा!

शिल्पावर माझा राग नाही. पण बिल्ल्यावर विमानाचा नंबर येतो, शिल्पाखाली कलाकाराचं नाव येतं, मग गॅस कटर धरणारा कुठे गेला? दारूखान्यात उत्तर प्रदेश, बिहारकडचे मजूर जहाजं फोडतात. जळलेल्या रंगाचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ त्यांच्या छातीत जाते. भंगार जातीने कोणाच्या वाट्याला आलं हे तुम्हाला सांगायला नको. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातल्या बहुसंख्य बाया दलितच. त्यांच्या पोत्यात असेपर्यंत पत्रा घाण असतो, गॅलरीत गेला की त्याला हार पडतो.

आपल्या बौद्ध परंपरेत अवशेषालाही धातूच म्हणतात. पिप्रहव्याच्या स्तूपात १८९८ ला सापडलेली रत्नं २०२५ च्या मे महिन्यात हाँगकाँगला लिलावात निघाली. बौद्ध बोलले, सरकारने नोटीस दिली, जुलैत रत्नं परत आली. जाब विचारला म्हणूनच हे झालं. (स्तूप मजुरांनी खणला, नाव मात्र पेपेसाहेबाचं राहिलं.)

आता आपल्या सिंधुदुर्गाकडे या. २०२४ च्या जानेवारीत निवृत्त झालेलं नौदलाचं ‘गुलदार’ जहाज निवती रॉकजवळ बुडवून पाण्याखाली संग्रहालय करायचं ठरलंय. असं जहाज बुडवण्याआधी तेल, तारा, घातक माल काढावा लागतो. हे काम मंत्री करत नाहीत. कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारं विधेयक १९४६ ला मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी मांडलं होतं; त्यांच्या माणसांनी एवढं तरी विचारावं. मालवण-वेंगुर्ल्याच्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात अर्ज टाकावा: सफाईचं कंत्राट कोणाला, मजूर किती, विमा काढला का, सुटे भाग कुठे गेले? संग्रहालयाच्या पाटीवर त्या मजुरांची नावं हवीत, ही मागणी वेगळी द्यायची. मसुदा मी लिहून देतो, सह्या तुम्ही गोळा करा.