तंबाखू सोडविण्याचे काम कोणाचे?

तंबाखूच्या विरोधात या देशात काहीच घडले नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. २००३ साली केंद्राचा कायदा झाला. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के दर्शनी भाग धोक्याच्या चित्राने व्यापला, आणि २०२० मध्ये सुट्या सिगारेटी व विड्या विकण्यासही राज्यात मनाई झाली. या उपायांचा परिणाम अगदीच झाला नाही असे नाही. प्रौढांच्या राष्ट्रीय पाहणीनुसार २००९-१० साली महाराष्ट्रातील ३१.४ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत. २०१६-१७ मध्ये ते प्रमाण २६.६ टक्क्यांवर आले.

तथापि हे सारे उपाय मुख्यतः कुंपण घालण्याचे आहेत. जो अद्याप आत शिरलेला नाही त्याला ते अडवितात. जो वीस वर्षांपूर्वीच आत शिरला, ज्याच्या कमरेची चंची आता शरीराचाच एक अवयव झाली आहे, त्या पंचेचाळीस वर्षांच्या हमालाने, त्या एस.टी.च्या वाहकाने किंवा फायलींच्या ढिगाआड तळहातावर चुना मळणाऱ्या कारकुनाने काय करावे? दरवर्षी ३१ मे रोजी कार्यालयांतून शपथ दिली जाते. शपथ घेणाऱ्यांत तंबाखू न खाणारेच बहुधा अधिक उत्साही असतात, आणि १ जून रोजी पानपट्टीवरची गर्दी यथापूर्व असते.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने वैद्यकाच्या प्रांतात का शिरावे, अशी शंका कोणी काढील. परंतु पाहणीचे आकडे पाहता हा प्रश्न आमच्याच प्रांतातला ठरतो. २०१६-१७ च्या त्याच पाहणीत देशातील धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोकांनी, तर धूररहित तंबाखू खाणाऱ्यांपैकी ४९.६ टक्के लोकांनी आपण व्यसन सोडण्याचा विचार करीत आहो, असे सांगितले. धूम्रपान करणाऱ्यांपैकी ३८.५ टक्क्यांनी तर आदल्या बारा महिन्यांत तसा प्रयत्नही केला होता. म्हणजे मदतीला मागणी आहे. पुरवठाही थोडाफार आहे. २००२ पासून व्यसनमुक्तीची उपचारकेंद्रे निघाली, आणि २०१६ साली १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी सुरू झाला. २०१८ पासून तो क्रमांक पाकिटावरही छापला जातो. मागणी आहे, पुरवठा आहे, पण दोहोंची गाठ पडत नाही. ती का पडत नाही, याचा विचार व्हावयास हवा.

दूरध्वनीवरचा समुपदेशक पुढे स्वतःहून पुन्हा चौकशी करतो, ही त्या योजनेतील उत्तम गोष्ट होय. मात्र पहिला दूरध्वनी व्यसनी माणसाने करावयाचा असतो. ज्याला सोडण्याची इच्छा सकाळी होते आणि दुपारी विरते, त्याच्याकडून हीच अपेक्षा सर्वांत अवघड. थॉमस शेलिंग या नोबेल-विजेत्या अर्थशास्त्रज्ञाने हे द्वंद्व फार मार्मिकपणे मांडले आहे. एकाच माणसाच्या ठिकाणी जणू दोघे नांदतात. एकाला निरोगी फुप्फुसे हवी असतात, दुसऱ्याला आत्ता, या क्षणी, एक सिगारेट हवी असते. या दुसऱ्याला पुरवठा करणारी टपरी वीस पावलांवर आहे, आणि पहिल्याला मदत करणारी खोली जिल्हा रुग्णालयात. त्या खोलीपर्यंत जावयाचे तर रोजंदारीवरील माणसाचा एक दिवस बुडतो. समुपदेशनाला शुल्क नाही हे खरे, परंतु त्याची किंमत नाही असे नव्हे.

या संदर्भात आपल्याच देशातील एका जुन्या प्रयोगाची आठवण करून देणे उचित ठरेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाने डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली केरळातील एर्नाकुलम, गुजरातेतील भावनगर आणि आंध्रातील श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांच्या ग्रामीण भागांतील तंबाखू ओढणाऱ्या व खाणाऱ्या ३६,००० हून अधिक लोकांना हाती घेतले. श्रीकाकुलमकडील स्त्रिया चुट्टा ओढतात तो पेटते टोक तोंडात धरून. तेव्हा ही माणसे व्यसनात किती मुरलेली होती याची कल्पना करावी. संशोधक दरवर्षी याच लोकांकडे जात, त्यांचे तोंड तपासत, सवयीविषयी विचारत आणि सोडण्याचा सल्ला देत. जोडीला प्रसारमाध्यमांतून प्रचार होता. पाच वर्षांचे निष्कर्ष १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वत्र यश सारखे नव्हते, आणि सोडणारे बहुसंख्य तर मुळीच नव्हते. परंतु त्याच भागांत पूर्वी ज्यांची केवळ पाहणी झाली होती त्यांच्या तुलनेत सोडणाऱ्यांचे प्रमाण पुष्कळच अधिक भरले, आणि कर्करोगाची पूर्वसूचना देणारे तोंडातील पांढरे चट्टेही, विशेषतः एर्नाकुलममध्ये, कमी झाले. येथे कोणतेही नवे औषध नव्हते. होता तो दरवर्षी दाराशी येऊन तोच प्रश्न पुन्हा विचारणारा माणूस.

याउलट अमेरिका व कॅनडातील २२ शहरांत १९८८ ते १९९२ या काळात झालेला मोठा प्रयोग पाहावा. शहरांच्या अकरा जोड्या करून प्रत्येक जोडीतील एका शहरात वृत्तपत्रे, दवाखाने, कारखाने, नागरिकांच्या समित्या अशा सर्व मार्गांनी धूम्रपान सोडण्याचे वातावरण निर्माण करण्यात आले. दिवसाला २५ किंवा अधिक सिगारेटी ओढणाऱ्यांवर त्याचा परिणाम दिसलाच नाही. त्याहून कमी ओढणाऱ्यांत ३०.६ टक्क्यांनी सिगारेट सोडली. पण प्रयोगाबाहेरच्या शहरांतही २७.५ टक्क्यांनी ती सोडलीच होती! निव्वळ वातावरणनिर्मितीला मर्यादा असतात. आपल्याकडील फलक, शपथा आणि ‘तंबाखूमुक्त’ अशी अक्षरे रंगविलेल्या भिंती पाहताना या आकड्यांचे विस्मरण होऊ नये.

त्यातही महाराष्ट्राचे दुखणे निराळे आहे. व्यसनमुक्तीच्या पाश्चात्त्य पद्धती सिगारेट ओढणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून रचलेल्या असतात. आपल्या राज्यात २०१६-१७ मध्ये धूम्रपान करणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के होते, तर धूररहित तंबाखूचे सेवन करणारे २४.४ टक्के. स्त्रियांमध्येही हे दुसरे प्रमाण १६.६ टक्के होते. तव्यावर काळी होईतो भाजलेल्या तंबाखूची मिश्री हिरड्यांवर घासणाऱ्या बाईला आपण ‘व्यसनी’ आहो हेच मान्य नसते. ती दात घासत असते. उसाच्या फडात पहाटे कोयता चालविणारा मजूर तंबाखूची चिमूट दाढेखाली धरतो ती भूक आणि झोप मारण्यासाठी. अशा माणसाला कर्करोगाचे चित्र दाखविणारा कार्यकर्ता त्याच्या दृष्टीने पोटभरल्या जगातून आलेला असतो. न्याहारीच्या वेळेचा प्रश्न न सोडविता तंबाखूचा प्रश्न सुटेल, असे निदान मला तरी वाटत नाही.

मग करावे काय? फिलिपाइन्सच्या मिंडानाओ बेटावरील एका बँकेचा प्रयोग येथे विचारात घेण्यासारखा आहे. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. सिगारेट सोडू इच्छिणाऱ्याने बँकेत ठेवखाते उघडावे, सिगारेटवर जाणारे पैसे त्यात टाकावे, आणि सहा महिन्यांनी तपासणीत निकोटीन आढळले तर ती रक्कम धर्मादाय कार्यास जावी, अशी ती योजना होती. ज्यांच्यापुढे ती ठेवली त्यांतील ११ टक्क्यांनीच तिचा स्वीकार केला. तरीही सहा महिन्यांनंतर तपासणीत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण ज्यांना ती देऊ केलीच नव्हती त्यांच्यापेक्षा सुमारे ३ टक्क्यांनी अधिक निघाले, आणि वर्ष उलटल्यावरही हा फरक टिकून राहिला. आकडा लहान आहे, पण या क्षेत्रात लहान आकड्यांचाच विश्वास धरावा. आपल्याकडे भिशी आहे, महिलांचे बचत गट आहेत, बाजारपेठेत दुकानोदुकानी फिरणारा पतसंस्थेचा पिग्मी एजंट आहे. वीस रुपयांच्या ठेवीसाठी रोज न कंटाळता येणारा हा गृहस्थ पाहिला की, आरोग्य खात्याला जे साधले नाही ते सहकाराने कधीच साधले होते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

आरोग्य खात्यापाशीही असा माणूस नाही असे नव्हे. राज्यात सुमारे ७०,००० आशा सेविका आहेत. तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती त्या एका ठरावीक नमुन्यात भरतात. त्यात तंबाखूचा प्रश्न आहे: कधीच नाही, तर शून्य गुण, पूर्वी होती किंवा अधूनमधून, तर एक, रोज, तर दोन. वय, कमरेचा घेर इत्यादींच्या गुणांत हे गुण मिळविले जातात आणि बेरीज चारांहून अधिक झाली की, माणसाला तपासणीस पाठवितात. तेथे रक्तदाब मोजला जातो, रक्तातील साखर पाहिली जाते, आणि या गोष्टी आवश्यकच आहेत. परंतु ज्या सवयीमुळे त्याला दोन गुण मिळाले तिचे पुढे काय झाले? महिन्याने, तीन महिन्यांनी ‘भाऊ, किती दिवस राहिलात तंबाखूवाचून?’ असे कोणी विचारले काय? जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांच्या तंबाखूमुक्तीविषयी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत आरोग्यसेवकाचा अर्ध्या ते तीन मिनिटांचा सल्लाही उपयुक्त मानला आहे. तीन मिनिटे काढता येतील. ती पुनःपुन्हा काढावी लागतील, हे ध्यानात घ्यावयाचे आहे. कारण पहिल्याच प्रयत्नात सुटणारा विरळा, आणि तिसऱ्या प्रयत्नात पुन्हा पुडी फोडणाऱ्याला आपण नापास झालो असे वाटून तो आशाताईंना पाहताच गल्ली बदलू लागतो. त्याला हाक मारून थांबविणे हाच या कामाचा गाभा होय.

यासाठी नमुन्यात आणखी एक रकाना वाढविला की झाले, असे मात्र कोणी समजू नये. या स्त्रियांना कामानुसार मोबदला मिळतो, आणि त्याच्या वाढीच्या मागणीसाठी २०२४ च्या आरंभी त्यांना संपावर जावे लागले होते. रकान्याबरोबर त्याचा मोबदला ठरला नाही, तर तो घरबसल्या भरला जाईल आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. मोबदला देताना किती जणांनी सोडली यावर तो देऊ नये. किती जणांना दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा भेटले यावर द्यावा. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने चार आठवडे सिगारेट सोडणाऱ्यांची संख्या हे उद्दिष्ट ठरविले होते. पाचव्या आठवड्यात घसरणारा माणूस अशा हिशेबात यशस्वीच राहतो.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. तंबाखूवरील कर हा सरकारचा बारमाही झरा आहे, तेव्हा निधी नाही ही सबब टिकणारी नाही. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने सिगारेट ४० टक्क्यांच्या टप्प्यात नेण्याचे ठरविताना विडीवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचाही निर्णय घेतला. देशात सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा विडी ओढणारे अधिक; २०१६-१७ मध्ये प्रौढांतील ही प्रमाणे अनुक्रमे ४.० व ७.७ टक्के होती. विड्या वळणाऱ्या सोलापूर-सिन्नरकडील बायांच्या पोटाची काळजी या निर्णयामागे असेल, तर त्यांना दुसरे काम मिळवून देण्याची योजनाही त्याबरोबर यावयास हवी होती. विडी स्वस्त करावयाची आणि ती सोडविण्यासाठी आशाताईंना दारोदार पाठवावयाचे, या दोन गोष्टी एकाच अंदाजपत्रकात कशा बसतात, हे वित्तमंत्र्यांना विधिमंडळात कोणी तरी विचारावे.